कपाटातली बाटली

आमच्या प्रयोगशाळेत संशय घेण्याचा वेगळा भत्ता नव्हता. असता तर भिंगसाहेब नुसत्या त्याच्यावर बंगला बांधून निवृत्त झाले असते. साहेब आमचे प्रमुख. चहा आधी हुंगायचे, मग प्यायचे आणि स्वतःच्याच सहीकडे दोनदा बघायचे, म्हणून हे नाव. मी भांडार सांभाळायचो. बाटल्या, झाकणं आणि साखर माझ्या ताब्यात. साखर रोपांची, पण साहेबांची नजर माझ्या चहावर असे.

रोपांचं असं होतं: डोंगरातल्या एका झुडपाच्या मुळात तापावरचं कडू औषध. लोकांनी ते इतकं उपटलं, की तीनच झुडपं शिल्लक राहिली. त्यांचे नखाएवढे तुकडे आणून आम्ही बंद बाटलीत, साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर वाढवत होतो. कापायचं काम आमच्या सहायक ताईंचं. चिमटा आणि पातं घेऊन बसल्या की श्वाससुद्धा बेतानं घेत. वर्षभरात त्यांनी दोन हजार रोपं उभी केली. नुसती हिरवीगार पलटण.

आणि तपासणीच्या बाईंनी मुळं वाटून मशीनला लावली, तर औषध शून्य.

"कुठंतरी पाणी मुरतंय," साहेब म्हणाले. मुरण्याची जागाही त्यांना लगेच सापडली. ताईंच्या सासऱ्यांचं जडीबुटीचं दुकान होतं. म्हणजे खरी रोपं दुकानात आणि दिसायला तसलीच बाटलीत. त्यांनी ताईंना बोलावलं.

"तुमचे सासरे काय म्हणतात आमच्या रोपांबद्दल?"

"म्हणतात, लाडावलेलं रोप कडू होत नाही. खडकात तहानेनं वाढलेलंच कडू निघतं."

"म्हणजे त्यांनी चाखलंय."

"डोंगरातलं, साहेब. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून चाखतायत."

साहेबांनी सगळं वहीत सासऱ्यांच्या नावाखाली उतरवलं आणि शेवटी ठळक लिहिलं : सासरे चाखतात.

त्याच दुपारी त्यांनी ताईंच्या फळीवरची एक बाटली उचलली, कागदात गुंडाळली, लाखेनं सील केली आणि आपल्या लोखंडी कपाटात ठेवली. पुरावा. कपाटाची पाठ ज्या भिंतीला, तिच्यापलीकडे बाटल्या वाफेनं शिजवून निर्जंतुक करायची खोली. भिंतीला हात लावला तर चटका बसे. किल्ली साहेबांच्या गळ्यात. ती आंघोळीलाही निघत नाही, असं खुद्द त्यांच्या सौभाग्यवतींनी माझ्या बायकोला सांगितलं होतं.

मग दोन महिने फाटकावर येता-जाता ताईंच्या पिशवीची झडती झाली, डबासुद्धा उघडला गेला. "आज भाजीच आहे, साहेब," ताई झाकण काढून म्हणायच्या, "झाड उद्या आणीन." हसत म्हणायच्या, पण नवऱ्याचं काम सुटलेलं होतं आणि घर त्यांच्या पगारावर चालत होतं. साहेबांनी चौकशी समिती मागवली होती; तिनं ठपका ठेवला, की ताई दुसऱ्या दिवशी घरी.

समितीच्या दिवशी साहेबांनी सर्वांसमक्ष सील फोडलं. आतलं रोप पांढरंफटक, जेली वाळलेल्या डिंकासारखी आणि मुळं जाड, तांबडी. तपासणीच्या बाई फळीवरची एक आणि कपाटातली एक अशा दोन बाटल्या घेऊन गेल्या. जेवणानंतर कागद आला. फळीवरची : शून्य. कपाटातली : डोंगरातल्या झुडपाइतकी कडू.

"ताईंनी बदलली असणार," साहेब म्हणाले.

"किल्ली कुणाकडे होती?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझ्याकडे."

"कायम?"

"आंघोळीलासुद्धा," मी म्हणालो. दुसरा अडचणीत असताना आपण खरं बोलावं, या मताचा मी आहे.

आता खोलीतल्या सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. खरं रोप ज्याच्याकडे तो चोर, हा हिशोब त्यांचाच होता. त्यांचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला आणि तिथंच थांबला.

ताई नुसत्या गप्प बसल्या असत्या, तरी सुटल्या असत्या. डबा तपासायला लागतो साधारण तेवढा वेळ त्या बसल्याही.

मग म्हणाल्या, "साहेबांनी चोरी नाही केली. त्यांनी बाटली उपाशी ठेवली. अंधार, उष्णता, तहान, सगळं दिलं. फळीवरच्यांना मी वेळेवर नवी जेली देते, थंड हवेत ठेवते. त्यांनी कशाला कडू व्हायचं?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"साहेबांच्या वहीत आहे. सासऱ्यांच्या नावाखाली."

अध्यक्षबाईंनी वही मागून घेतली, एकदा वाचली आणि निकाल पुढं ढकलला. आठवड्यानं बाहेरच्या प्रयोगशाळेचा ओळख-अहवाल आला : दोन्ही बाटल्यांत एकच झाड. तोवर ताईंनी आणखी वीस बाटल्या कपाटात उपाशी ठेवल्या होत्या. दोन महिन्यांनी त्यातल्या अठरा कडू निघाल्या. ठपका गेला आणि कपाट ताईंच्या नावे झालं, किल्लीसकट.

साहेबांचा स्वभाव काही गेला नाही. आत नक्की काय चाललंय, या काळजीनं ते जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊनच कपाटाशी येतात.

"ताई, बघू का जरा?"

"आधी डबा उघडा."

साहेब मुकाट्यानं झाकण काढतात. ताई वाकून नीट बघतात.

"भाजीच आहे. या."