आर्डिसची परीक्षा

डेलमरने हात पुढे करून बायकोच्या स्कूटरवरची वेगाची चकती पार मागे फिरवली. चकतीच्या एका टोकाला सशाचं चित्र होतं, दुसऱ्या टोकाला कासवाचं. खूण कासवावर आल्यावर त्याने ती बोटाने एकदा दाबून पाहिली.

"इथेच राहू दे," तो म्हणाला.

"बरं साहेब," आर्डिस म्हणाली.

ती बॅटरीवर चालणाऱ्या त्या चारचाकी खुर्चीत ताठ बसली होती. अंगात लाल जाकीट, समोरच्या टोपलीत पाण्याची बाटली आणि छत्री. हँडलला डावीकडे एक छोटा गोल आरसा होता. स्कूटर विकत घेतली तेव्हा तो नव्हता, आर्डिसने हट्टाने बसवून घेतला होता. सगळं आयुष्य तिने शाळेची पिवळी बस चालवली होती, आणि आरशाशिवाय गाडी म्हणजे डोक्याच्या मागे डोळे नसलेली मास्तरीण, असं तिचं मत होतं.

अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या हॉटेलच्या दारात सकाळचं ऊन आलं होतं. बोट उद्या दुपारी सुटणार होती. चौथ्या दिवशी ती नॉर्वेतल्या एका गावाला लागणार होती, जिथून आर्डिसची आजी सोळाव्या वर्षी एक पेटी घेऊन अमेरिकेला आली. धक्क्यापासून वर टेकाडाकडे एक रस्ता जातो आणि रस्त्याच्या शेवटी पांढरं चर्च आहे. त्या चर्चमध्ये आजीचं नाव ठेवलं गेलं होतं. आर्डिसला तिथे जायचं होतं. आयुष्यात तिने मागून घेतलेल्या गोष्टी थोड्या, त्यातली ही एक.

"डेकवरून दिसेल की," डेलमर गेले दोन महिने म्हणत होता. "दुर्बीण घेऊ बरोबर."

गेल्या हिवाळ्यात ती घरासमोर बर्फात पडली होती तेव्हापासून त्याने धसका घेतला होता. कंबर सांधली, पण चालणं गेलं. परक्या देशात, चढावर, त्या खुर्चीचं चाक कुठे अडकलं तर? शेवटी न्याहारीच्या टेबलावर तह झाला होता. आजचा दिवस शहरात हिंडायचं. काही विपरीत घडलं नाही तर आर्डिस त्या गावी उतरणार. काही घडलं, तर दुर्बीण.

"म्हणजे परीक्षाच की," आर्डिस पावाला लोणी लावत म्हणाली होती. "आणि मास्तर कोण, तर ज्याला मागे गाडी घेताना आजही आमचा टपालाचा डबा दिसत नाही."

ते निघाले. कालव्याच्या कडेने तांबडा रस्ता जात होता. आर्डिस त्यावरून, आणि तिच्या शेजारी, हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून, डेलमर. झाडांची सावली पाण्यात हलत होती, घरं एकमेकांना खांदे लावून उभी होती, काही तर चक्क एका बाजूला कलली होती आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. शहर देखणं होतं खरं. डेलमरला ते मनापासून आवडलं, आणि तो तसं म्हणालाही.

"वाईट नाही," तो म्हणाला.

आमच्या उत्तर मिनेसोटात याहून मोठी स्तुती नाही. लेकीचं लग्न, पहिला नातू, भल्यामोठ्या माशाने गळ ओढणं, सगळं 'वाईट नाही' यात बसतं. त्यापुढे कुणी गेलं तर शेजारीपाजारी त्याला बरं नाही का असं विचारतात. आर्डिसही त्याच मातीतली. पन्नास वर्षांत तिच्या तोंडून 'सुंदर' हा शब्द डेलमरने दोनदा ऐकला असेल, त्यातला एक कुणाच्या तरी ट्रॅक्टरबद्दल होता.

पण या शहरात आल्यापासून बाईला झालं होतं तरी काय!

"थांब थांब," पहिल्या पुलाच्या माथ्यावर तिने ब्रेक दाबला. "हे दार बघ. किती सुंदर!"

हिरवं दार होतं. बरं होतं. डेलमर पुलाच्या कठड्याला टेकला आणि दाराकडे बघत राहिला.

"बघून झालं?"

"अजून जरा. ती कडी बघ ना."

पुढच्या पुलावर तिला एक खिडकी अप्रतिम वाटली. त्यापुढच्या चढावर फुलांच्या कुंडीने तिचं भान हरपलं. चीजच्या दुकानासमोर ती इतका वेळ थांबली की आतला माणूस सुरी घेऊन बाहेर आला आणि त्याने दोघांना एकेक तुकडा चाखायला देऊ केला. डेलमरने घरच्या रिवाजाप्रमाणे पहिल्यांदा नको म्हटलं. माणूस दुसऱ्यांदा न विचारता आत निघून गेला तेव्हा मात्र डेलमरचा चेहरा पडला. आर्डिसने आपल्यातला अर्धा तुकडा मोडून त्याला दिला.

"इथे एकदाच विचारतात रे," ती म्हणाली. "भूक असेल तर हो म्हणायचं."

बायको म्हातारपणी रसिक झाली, हे डेलमरने मान्य करून टाकलं. युरोपची हवा असते म्हणतात. त्याची तक्रारही नव्हती. थांबणं त्याला आवडत होतं.

आवडत नव्हत्या त्या सायकलींच्या घंट्या. मागून किणकिण होई, कुणीतरी सपकन वळसा घालून जाई, जाताना वळून काहीतरी पुटपुटे. डेलमर दर वेळी खुर्चीची पाठ घट्ट धरी आणि मनातल्या मनात आर्डिसचा एक गुण कापी. लोकांना तिचा अडथळा होतोय, हे उघडच दिसत होतं. इथे असं, तर त्या टेकाडावर काय?

"बाजूला घे," तो म्हणे.

"मी बाजूलाच आहे," ती म्हणे.

दुपारी ते मोठ्या स्टेशनच्या मागे पाण्यापाशी आले. तिथून पलीकडच्या काठाला सारख्या बोटी जातात. तिकीट नाही, काही नाही. पुढची फळी खाली पडली की पायी लोक, सायकली, मोपेड, सगळे एकदम आत शिरतात. आर्डिसने ते एकदा पाहिलं आणि तिच्या पाठीचा कणा सरळ झाला.

"पलीकडे जाऊ या."

"एवढ्या गर्दीत? मुळीच नाही. थांब, मी नाडी बांधतो."

बुटाची नाडी सुटली नव्हती. पण काठावर एक ठेंगणा दगडी खांब होता आणि स्टेशनखालचा बोगदा लांबलचक निघाला होता. तो खांबावर बसला, बुटावर वाकला, आणि वर बघतो तो फळी पडली होती, माणसं हलली होती, आणि त्या लोंढ्यात लाल जाकीट सरळ रेषेत बोटीवर चढत होतं.

"आर्डिस!"

तो उठला. चार पावलं धावला. छातीत काहीतरी आवळलं आणि पाय आपोआप थांबले. फळी वर गेली. बोट सुटली. आर्डिसने मागे वळून पाहिलं, तो नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने हात वर करून पलीकडे, मग परत इकडे असा इशारा केला, तोंडाने काही म्हणाली. ऐकू काही आलं नाही.

"माझी बायको," डेलमर शेजारी उभ्या असलेल्या बाईला म्हणाला. "बोटीवर गेली."

बाईजवळ पुढे मोठा लाकडी खोका असलेली सायकल होती. खोक्यात एक केसाळ म्हातारं कुत्रं बसलं होतं. तिने बोटीकडे पाहिलं.

"मग? येईल ना परत. याच बोटी आहेत."

"तिला चालता येत नाही हो."

"चालत कुठे गेली? चालवत गेली. आणि छान चालवत गेली." तिने डेलमरला निरखून पाहिलं. "अहो आजोबा, मघाशी कालव्यावर तुम्हीच ना? सायकलच्या रस्त्यात मधोमध चालणारे? मी तुमच्या मागे होते. घंटी वाजवून वाजवून अंगठा दुखला माझा."

"ती हळू जाते ना, म्हणून..."

"तिला कोण वाजवेल? ती बरोबर जागेवर होती. तिच्या गाडीला त्या रस्त्यावर मुभा आहे. तुम्हाला नाही. फूटपाथ काय शोभेला बांधलाय?"

डेलमर ओशाळला. सकाळपासून कापलेले सगळे गुण त्याच्या डोळ्यांसमोरून गेले.

"चुकलंच," तो म्हणाला.

"आणि बसा आधी. पिठासारखा पांढरा झालाय चेहरा तुमचा."

"मी ठीक आहे."

"बरं," ती बाई म्हणाली, पण तिने हाताने खांब दाखवला, आणि तो बसेपर्यंत तिथून हलली नाही.

पलीकडे बोट लागली होती. आर्डिस धक्क्यावर वाट बघत थांबेल असं त्याला वाटलं. ती थांबली नाही. लाल जाकीट सायकलींबरोबर बाहेर पडलं, काठाकाठाने जाणाऱ्या रुंद रस्त्याला लागलं, आणि डेलमरने डोळे बारीक केले, कारण ते भलत्याच वेगाने जात होतं. चकती सशावर गेली होती, यात शंका नव्हती. तिने एका मोपेडला वाट दिली, एका घोळक्याला अलगद वळसा घातला. लाल ठिपका दूर जाऊन झोकात वळला आणि तसाच सुसाट परत फिरला.

डेलमर भ्यायचं विसरला. त्याला एक जुनी सकाळ आठवली. पिवळी बस बर्फात रुतली होती, तो आणि आणखी तिघं फावडी घेऊन उभे होते, आणि आर्डिसने खिडकीतून "सरका" म्हणत एका झटक्यात ती अजस्र बस मागे काढली होती. तेव्हा तो नुसता बघत राहिला होता. आताही त्याला तिचा तेवढाच अभिमान वाटला. या बाईला आपण दुर्बीण द्यायला निघालो होतो!

पुढच्या बोटीने ती आली. गाल लाल, केस विस्कटलेले, टोपलीत तळलेल्या बटाट्यांचा कागदी कोन.

"कशी होती पलीकडची बाजू?" त्याने विचारलं.

"वाईट नव्हती," आर्डिस म्हणाली.

डोळे चमकत होते तिचे. डेलमर हसला, पण मनात कुठेतरी कुसळ अडकल्यासारखं झालं. दिवसभर दारं नि कुंड्या सुंदर, अप्रतिम, आणि ही एवढी मजा नुसती 'वाईट नव्हती'? हे तर तिचं नेहमीचं बोलणं. खरं बोलणं.

परत निघाले. आता तो फूटपाथवरून चालत होता, ती शेजारच्या तांबड्या रस्त्यावरून. चकतीला त्याने हात लावला नाही. तिनेच, बोलता बोलता, अंगठ्याने ती कासवावर आणली. बोगदा झाला, एक पूल झाला. दुसऱ्या पुलाचा चढ सुरू झाला आणि डेलमरची पावलं जड झाली.

"थांब थांब," आर्डिसने ब्रेक दाबला. "हे दुकान बघ. किती सुंदर!"

डेलमर दुकानासमोर उभा राहिला. दुकान बंद होतं. राखी पत्र्याचं शटर जमिनीपर्यंत ओढलेलं होतं. काच नव्हती, फूल नव्हतं, साधी पाटीसुद्धा नव्हती.

त्याने आर्डिसकडे पाहिलं. ती दुकानाकडे बघतच नव्हती. मान किंचित डावीकडे कलती, नजर त्या गोल आरशात. डेलमरनेही आरशात पाहिलं. त्यात मागचा रस्ता दिसत नव्हता. फूटपाथ दिसत होता, आणि त्यावर उघड्या तोंडाने श्वास घेणारा, पांढराफटक पडलेला एक म्हातारा.

हिरवं दार पुलाच्या माथ्यावर होतं. खिडकीही पुलावर. कुंडी चढावर.

तो शटरशेजारच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. आर्डिसने बटाट्यांचा कोन पुढे केला. एकदाच. त्याने एक घेतला.

"कधीपासून कळलं तुला?" त्याने विचारलं.

"तू शेकोटीची लाकडं एका खेपेऐवजी तीन खेपांत आणायला लागलास तेव्हापासून."

"थंडीने होतं ते."

"मे महिना होता, डेल."

श्वास खाली बसायला वेळ लागला. तेवढा वेळ दोघंही त्या शटरकडे बघत राहिली, जणू आत काही मांडलेलं होतं.

"वाईट नाही," अखेर डेलमर म्हणाला.

आर्डिसने रुमालाला बोटं पुसली. "मग? पास की नापास?"

"पास." त्याने घसा साफ केला. "तू जा चर्चपर्यंत. अगदी सशावर जा. मी डेकवर बसतो दुर्बीण घेऊन."

"डेकवरून काय डोंबल दिसणार आहे! मी घरून निघण्याआधीच फोन करून विचारलंय." तिने कोनाचं तोंड दुमडून तो टोपलीत नीट ठेवला. "धक्क्यापासून चर्चपर्यंत बाकं आहेत. प्रत्येक वळणावर एक."

डेलमरने तिच्याकडे पाहिलं, तिच्या खालच्या त्या गादीच्या खुर्चीकडे पाहिलं. मग भिंतीवरून पाठ काढून तो पुढच्या चढाकडे वळला.

"चल," तो म्हणाला. "पण जरा सावकाश घे."

"सावकाशच आहे," आर्डिस म्हणाली, आणि तिने आरसा बोटाने किंचित त्याच्या बाजूला वळवला.