काट्यावरचं बोट

आमचे मेहुणेबुवा वजनकाटे दुरुस्त करतात. बाजारात त्यांना सगळे 'तोळामासा' म्हणतात आणि त्यांना तो गौरव वाटतो. दुकानदार काटा घेऊन आला की दुरुस्तीआधी प्रवचन ठरलेलं: "रिकामं पारडं शून्यावर आलं का बघायचं, मग वजन ठेवायचं. आणि आधी बोट काढायचं काट्यावरून."

या शहाण्याचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी रोजची गोळी लावून दिली. कुणीतरी सुयांचा उपचार सुचवला होता, त्याचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जरूर घ्या, पण गोळीच्या जोडीला. गोळीऐवजी नाही." मेहुण्यांनी यातलं 'जरूर घ्या' तेवढं घरी आणलं.

सुया टोचणाऱ्या बाई सरळ होत्या. केसासारख्या बारीक सुया मनगटाजवळ आणि पायांवर टोचायच्या, दिवा मंद करायच्या आणि पडून राहायला सांगायच्या. मेहुणे घोरायचे. सुया काढल्यावर, उठायच्या आधी, त्यांच्याच आग्रहावरून बाई दाब मोजायच्या. तो अर्थातच उतरलेला असायचा. तेवढा आकडा घेऊन मेहुणे बाजारभर मिरवायचे. "गोळ्या खाणं म्हणजे औषधवाल्यांची पोटं भरणं. चार सुया, काम फत्ते."

एकदा ते चष्मा घरी विसरले, म्हणून त्यांची बायको, म्हणजे माझी बहीण, तो द्यायला दुकानात गेली. मेहुणे बाहेर गेले होते. वजनांची लाकडी पेटी उघडी होती आणि हरवलेल्या वजनाच्या रिकाम्या खाचेत गोळ्यांची न फोडलेली पाकिटं कोंबलेली होती.

तिने मला फोन केला. तिच्या सासऱ्यांचं डावं अंग या दाबापायीच एका सकाळी लुळं पडलं होतं. मरेपर्यंत त्यांना घास भरवले ते तिनेच. "दादा, मला पुन्हा तेच करायचं नाहीये," ती म्हणाली. "तू चल बरोबर."

पुढच्या खेपेला आम्ही दोघंही मेहुण्यांसोबत गेलो. बहीण बाईंना म्हणाली, "आज सुयांच्या आधी मोजा."

"आधी कशाला?" मेहुणे म्हणाले. "मी आत्ता जिना चढून आलोय."

"मग बसा निवांत. आम्हाला घाई नाही."

बराच वेळ बसवून बाईंनी दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे नव्वदच्या घरात गेला.

"यंत्र बिघडलंय. काट्यांत हयात गेली माझी, मला कळतं."

बाईंनी तोच पट्टा माझ्या दंडाला बांधला. दाब एकशे चोवीस भरला.

"दादांना कसली काळजी," मेहुणे म्हणाले. "बहीण आमच्या गळ्यात बांधून मोकळे झाले."

बहिणीने पिशवीतून पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "झोप काढून, निवून घेतलेलं माप मिरवताय गावभर. काढा आता बोट काट्यावरून."

बाईंनी पाकिटांकडे पाहिलं. "मी दर वेळी विचारते, गोळी चालू आहे ना. तुम्ही मान हलवता."

"मान हलवली. हो कुठे म्हटलं?"

पन्नाशी उलटलेला माणूस हे बोलला. पाटी फुटल्यावर पाटीलाच दोष देणारी मुलंसुद्धा याहून बरी सबब शोधतात.

"आज सुया नाहीत," बाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा. माझ्या सुया गोळीला सोबत म्हणून आहेत, तिला हाकलायला नाहीत."

डॉक्टरांनी झाडलं आणि तीच गोळी पुन्हा सुरू केली. आता मेहुणे ती घेतात तेव्हा साऱ्या घराण्यावर उपकार केल्यासारखं तोंड करतात. बहीण समोर उभी राहते. "आ करा," म्हणते, आणि गिळली का ते बघते.

परवा तिच्यासोबत दुकानात गेलो, तर मेहुणे एका वाण्याला शिकवत होते, "दाब मोजायचा तो सुयांच्या आधी, निवांत बसून. लोकांना एवढंही कळत नाही. मी स्वतः शोधून काढलंय हे."

बहिणीने वजनांची पेटी उघडली, रिकाम्या खाचेत बोट फिरवून बघितलं आणि झाकण लावून टाकलं.