उस्तादांची बोटं

गॅरेजमध्ये तेलाच्या एकाही कॅनवर चिठ्ठी नव्हती. सगळे सारखेच काळेकुट्ट. बाप झाकण काढायचा, थेंब अंगठ्यावर घेऊन बोटाने चोळायचा आणि लगेच सांगायचा, हे पातळ, नव्या गाडीचं. हे जाड, जुन्या खटाऱ्याचं. लोक त्याला उस्ताद म्हणायचे ते उगाच नाही. पोरीने एकदा चिठ्ठ्या लावायचं काढलं, तर मला अडाणी समजतेस का म्हणून त्याने तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

आणि आता दूधवाल्याच्या नव्याकोऱ्या गाडीचा टर्बो गेला. बापाने भरलेलं जाड तेल पहाटेच्या थंडीत इंजिनात वर चढलंच नाही. दूधवाला दारात उभा राहून नको नको ते बोलून गेला. बापाचं एकच पालुपद, तेल बरोबर होतं, गाडीच फुसकी.

पोरीचं डोकं सणकलं. भांडायला ती पुढे सरसावली आणि तिची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली. सायलेन्सरला चिकटून कातडं सोललेलं, आतलं लाल दिसत होतं. त्याच अंगठ्याने तो नट आवळत होता. चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही. शुगरने बोटं कधीच मेली होती.

तिने भांडण तिथेच सोडलं. गॅरेजच्या खड्ड्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती, नवीच, तेल बदलायला आलेली. पोरीने दोन झाकणं घेतली. एकात कंपनीचा बंद डबा फोडून पातळ तेल ओतलं, दुसऱ्यात जाड.

"बाबा, हिला यातलं कुठलं?"

त्याने एक चोळलं, दुसरं चोळलं, परत पहिलं. डोळे मात्र तेलाकडे नव्हते. ते पोरीच्या तोंडावर काहीतरी शोधत होते. तिने तोंड दगडासारखं ठेवलं.

"हे," तो म्हणाला. ते जाड होतं.

तिने नकारार्थी मान हलवली. तो हळूच म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. गिऱ्हाईक माझ्या हातावर येतं गं."

तिने डब्यातलं पातळ तेल स्वतः भरलं, बॉनेट आपटलं. ड्रायव्हरने चावी घेता घेता सवयीने विचारलं, उस्तादांनी बघितलंय ना तेल?

बाप तिच्याकडे बघत होता. एक हो म्हटलं की निभलं असतं. उद्या दुसरी गाडी आली असती आणि तोच झाकण उघडायला पुढे झाला असता.

"नाही," ती म्हणाली. "त्यांच्या बोटांना आता कळत नाही."

ड्रायव्हरने नजर चोरली आणि गाडी काढली. बाप टायरवर बसला. तिने पाणी पुढे केलं, तर त्याने तोंड फिरवलं.