अंगठ्याएवढा तुकडा

दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत पहिलीपासून दहावीपर्यंत उत्तरा आणि चेतना एकाच बाकावर बसल्या. पुढे चेतना लग्न होऊन गाझियाबादला गेली. उत्तरा एका मंत्रालयात नोकरीला लागली आणि आईबरोबर तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्येच राहिली. पण गेली सहा वर्षं दर रविवारी सकाळी दोघी सायकली घेऊन हिंदूराव हॉस्पिटलच्या चढाशी भेटत, रिजच्या झाडीभरल्या टेकडीवर दोन-तीन फेऱ्या मारत आणि मग कुठेतरी उभ्या उभ्या छोले-कुलचे खात. उत्तराचा सगळा आठवडा त्या रविवारच्या भरवशावर चाले. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, चेतनालासुद्धा नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यात गिरिजा आली. कागलजवळच्या एका खेड्यातली, नवरा फौजेत हवालदार, बिऱ्हाड कँटोन्मेंटमध्ये. लहानपणी शाळेसाठी रोज नऊ किलोमीटर सायकल मारायची, आणि ते दिसत होतं. कँटोन्मेंटहून रिजपर्यंत सायकल चालवत यायची आणि वर दोघींच्या पुढे चढ चढायची. नवी सायकल कुठली घ्यावी हे तिने उत्तरालाच विचारलं. उत्तराने आपलीच सांगितली. पुढच्या रविवारी गिरिजा त्याच कंपनीची, त्याच मापाची, हिरवीच सायकल घेऊन हजर.

"अरे यार, जुळ्या बहिणी!" चेतना म्हणाली.

उत्तराही हसली होती तेव्हा.

गिरिजा कोल्हापूरकडच्या बायकांसारखी "मी येतो", "मी जातो" म्हणे. दिल्लीत वाढलेल्या चेतनाला ते इतकं आवडलं, की महिनाभरात तीही गमतीने तसंच बोलायला लागली. एकदा फोन ठेवताना "चलो, मी ठेवतो" म्हणाली, आणि उत्तरा कितीतरी वेळ बंद फोन हातात धरून बसली. बत्तीस वर्षांत आपला एकही शब्द हिने असा उचलला नाही, असं तिच्या मनात आलं. असं मनात यावं याची लाज वाटली, आणि लाज वाटली तरी ते जाईना.

मार्चअखेरीस जोडून सुट्या आल्या. कुमाऊंच्या जंगलातून पाच दिवसांची सायकलसफर करायची, तंबू नको, पण कपडे-सामान सायकललाच बांधून न्यायचं, हा उत्तराचा दोन वर्षांचा बेत. कुठून चढायचं, कुठल्या गावात मुक्काम, पाणी कुठे मिळेल, सगळं तिने नकाशावर काढून ठेवलेलं. तिच्या मनात तो दोघींचा बेत होता. एका रविवारी चेतनाने तिच्यासमोरच गिरिजाला विचारून टाकलं, "तू पण चल ना!" आणि मग उत्तराकडे वळून, "चालेल ना गं?"

"बिल्कुल," उत्तरा म्हणाली.

आनंदविहारहून पहाटेची बस धरून, टपावर सायकली बांधून त्या दुपारी काठगोदामला उतरल्या आणि संध्याकाळपर्यंत भीमतालला पोचल्या. दुसऱ्या दिवशी खरा चढ सुरू झाला. एका छोट्या बाजारात चहा झाला आणि मग मोठा रस्ता सोडून त्या जंगलाच्या कच्च्या वाटेला लागल्या. दोन्ही बाजूंना बांजची जुनी झाडं, खोडांवर शेवाळ, मध्येच एखादा बुरांश लालभडक फुललेला. उत्तराने या वाटेचं चित्र शंभर वेळा मनात रंगवलं होतं. त्या चित्रात चेतना तिच्या शेजारी होती. प्रत्यक्षात ती पन्नास पावलं पुढे गिरिजाशी बोलत चालली होती, आणि वळणावळणावर दोघींचं हसू तेवढं मागे ऐकू येत होतं.

"काय झालं गं एवढं?" गाठल्यावर उत्तराने विचारलं.

"काही नाही, अशीच एक गंमत. सांगायला गेलं तर मजा नाही येणार," चेतना म्हणाली.

त्यानंतर तासाभराने एक वाळकी फांदी गिरिजाच्या मागच्या चाकात गेली. कडकन आवाज झाला. गिरिजा पडली नाही, पण गिअर बदलणारा मागचा भाग साखळीसकट लोंबायला लागला. तो ज्यावर अडकवलेला असतो, तो अंगठ्याएवढा धातूचा तुकडा मधोमध तुटला होता. सायकलवाले त्याला हँगर म्हणतात. प्रत्येक सायकलचा वेगळा, आणि पायथ्याच्या हल्द्वानी शहरातल्या दुकानातही मिळेलच असं नाही.

"उत्तरा, तुझ्याकडे एक्स्ट्रा असतो ना नेहमी?" चेतना म्हणाली. "तुमची सायकल तर सेमच आहे."

हँगर उत्तराच्या सामानात होता. पिशवीच्या तळाशी, औषधांच्या पत्र्याच्या डबीत. ती डबी तिला पिशवीच्या कापडातूनही हाताला लागत होती.

"या वेळी नाही आणला," ती म्हणाली. "वजन कमी करायचं म्हणून."

बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं, किती सहज बोललो आपण. गिरिजाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून साखळी गोळा करायला लागली.

साखळी तोडून एकाच गिअरवर चालवता आली असती, पण पुढच्या आठ किलोमीटरच्या उभ्या चढाला ते शक्य नव्हतं. तेवढ्यात मटारच्या गोण्या घेऊन एक पिकअप खाली निघालेली दिसली. बारा किलोमीटर खाली सकाळचा तो बाजार होता. तिथून उद्या हल्द्वानीची बस मिळेल.

"तुम्ही जावा पुढं," गिरिजा म्हणाली. "मी जातो खाली. माझ्यापायी तुमचा खोळंबा नको."

उत्तराच्या छातीतलं ओझं उतरलं. तीन दिवस, आणि ती आणि चेतना. बस्स.

"असं कसं?" चेतना म्हणाली. "हिला एकटीला कुठे सोडू? मी जाते हिच्यासोबत. उत्तरा, तू कर हा रस्ता, तुझं दोन वर्षांचं स्वप्न आहे यार. वर बुकिंग आहेच. नाहीतर चल खाली."

"नाही, मी जाईन," उत्तरा म्हणाली. आता तिला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. पिकअप वळणाआड गेली तेव्हा गोण्यांवर बसलेली चेतना हात हलवत होती.

ते आठ किलोमीटर तिने कसे काटले, तिलाच माहीत. जंगल अगदी तिने कल्पिलं होतं तसंच होतं आणि तिला ते बघवत नव्हतं. आता त्या दोघी कुठेतरी गरम भजी खात असतील, आता चेतना तिला आमच्या शाळेच्या गोष्टी सांगत असेल, हेच डोक्यात. दिवेलागणीला वरच्या गावात पोचली, तर घरमालकीण बाई दारातच तीन ग्लास पाणी घेऊन उभी.

"बाकी दो?"

"नीचे रह गईं," उत्तरा म्हणाली, आणि त्या अनोळखी बाईसमोर तिला रडूच कोसळलं.

उजाडताच ती उलटी फिरली. वीस किलोमीटर उतार, बोटं गारठून ब्रेकवर आखडली, तरी थांबली नाही. बाजारातल्या चहाच्या टपरीवर दोघी बाकावर बसून पराठे खात होत्या. चेतना तोंडात घास असतानाच उठून उभी राहिली.

"अरे! तू इथे? काय झालं?"

उत्तराने मूठ उघडली. तळहातावर हँगर होता.

"वा! कुठे मिळाला तुला हा?"

वाटेभर उत्तराने उत्तर तयार ठेवलं होतं. गावात एक सायकलवाला उतरला होता, त्याच्याकडे होता. चेतनाने नक्की विश्वास ठेवला असता, गळ्यातसुद्धा पडली असती. पण ती तोंड उघडणार, त्याआधीच गिरिजा घाईने म्हणाली, "मिळाला न्हवं? झालं तर. आणा हिकडं, मी बसवतो."

उत्तराला लख्ख कळलं, हिला माहीत आहे. भीमतालला आपण डबीतून डोकेदुखीची गोळी काढली, तेव्हा ही शेजारीच बसली होती. हिने पाहिलंय, काल गप्प राहिली, आणि आता आपल्याला झाकायला बघतेय. चेतना हिच्यावर जीव टाकते ते एक वेळ सोसलं असतं. हिचे उपकार घ्यायचे, हे तिला सोसवेना.

"माझ्या डबीतच होता," ती म्हणाली. "काल पण होता."

चेतनाला कळायला क्षणभर लागला. मग तिचा चेहरा असा झाला, जसा उत्तराने शाळेपासून कधी पाहिला नव्हता.

"मला जंगलात उभं करून खोटं बोललीस? माझ्याशी?"

"हो."

"का?"

उत्तराने हँगर गिरिजाच्या हातात ठेवला. चेतनाने अर्धा पराठा तसाच ठेवला, बाटल्या उचलल्या आणि नळाकडे गेली. गिरिजाने पंधरा मिनिटांत तुकडा बसवला, गिअर वरखाली फिरवून पाहिले. बेत मोडायचा नाही असं कुणी न बोलताच ठरलं आणि तिघी पुन्हा तोच चढ चढायला लागल्या. चेतना एकटी पुढे, मागे वळूनही न बघता.

अर्ध्या वाटेवर गिरिजा उत्तराच्या बरोबरीने आली.

"तू काल बोलली का नाहीस?" उत्तराने विचारलं.

"मला वाटलं, तुमास्नी दोघींनाच जायचं आसंल. आधी सांगितलं असतं तर मी आलोच नसतो, ताई."

"राग नाही आला?"

"आला की. गोण्यांवर बसून पार कंबर मोडली माझी." तिने गिअर एक खाली टाकला. "आणि वर चेतनाताई काल संध्याकाळभर तुमचंच सांगत बसलेल्या. उत्तरा अशी, उत्तरा तशी, सातवीत उत्तरानं माझी कविता पाठ करून घेतली. आमची दर तीन वर्षांनी बदली. बत्तीस वर्षं सोडा, बत्तीस महिने कुणी मैत्रीण टिकली न्हाई मला. माझाबी जळफळाट झालाच की."

उत्तराला आधी आनंद झाला, काल चेतना आपलंच बोलत होती म्हणून. लाज त्याच्या मागून आली. आणि कवितेची ती गोष्ट चेतनाने हिला सांगून टाकली, याचा सल त्याही मागून आलाच.

उरलेले दिवस चेतना जेवताना मीठ-चटणी मागण्यापुरतं बोलली. चौथ्या दिवशी एका वळणावर अचानक बर्फाची सगळी रांग समोर उभी राहिली. तिघी थांबल्या. चेतनाने फोटो काढायला फोन गिरिजाकडे दिला आणि उत्तरापासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली.

"जरा जवळ सरका की," गिरिजा म्हणाली.

चेतना सरकली नाही. उत्तराही नाही.

शेवटच्या दिवशी दुपार टळता बस आनंदविहारला लागली. चेतनाचं घर तिथून जवळ. तिने सायकल टपावरून उतरवून घेतली, हेल्मेट घातलं. गिरिजाच्या पाठीवर थाप मारली. मग उत्तरासमोर येऊन उभी राहिली.

"मी लगेच नाही विसरणार हे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुला वाटलं काय गं? ही आली म्हणजे तू गेलीस? तू काय बसमधली सीट आहेस?"

उत्तराने मान हलवली, हो की नाही ते तिलाही समजलं नाही. चेतना डोळे पुसत सायकलवर बसली आणि गर्दीत शिरली.

पुढचे तीन रविवार ती आली नाही. गिरिजा मात्र आली. दोघी फारसं न बोलता सायकल चालवत. दुसऱ्या रविवारी उत्तराने, विचारायचं नाही असं ठरवलेलं असूनही, विचारलंच, "चेतनाचा फोन येतो तुला?"

"येतो."

"माझं काही विचारते?"

"तुमचं तुम्ही फोन करून विचारा की," गिरिजा म्हणाली.

रागाने उत्तराचे कान तापले. हिला फोन येतात, आणि वर ही शहाणपण शिकवते! घरी येईपर्यंत ती धुमसत राहिली. मग चप्पलही न काढता दारातल्या स्टुलावर बसली आणि तिने चेतनाचा नंबर लावला. सहा वेळा रिंग वाजली.

"बोल," चेतना म्हणाली.