दोन बोटांची टकटक

मी चीनमधल्या चाओझोउच्या लाल मातीची, मुठीएवढी, जुनी चहाची किटली आहे. मित्रांनो, माझ्या तोटीचा टवका उडालाय आणि झाकणही मूळचं नाही. तरी गेल्या थंडीतल्या त्या साध्या सकाळी मी लायोशसाठी आणि त्याच्या मुलीसाठी चहा ओतला. इल्काने तो दारात उभ्यानेच संपवला आणि जाता जाता दोन बोटं टेबलावर टेकवली.

"येताना बन आणू का?" लायोशने विचारलं.

"आधी पोट बघ तुझं, बाबा."

दुपारी पियानोच्या कारखान्यात, एक तार सुरात लावता लावता, लायोशचं हृदय थांबलं.

मी या घरात आले ती फोंग काकूंमुळे. त्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या नवऱ्याने मला हौसेने घेतलं होतं. तो गेल्यावर मी कपाटात उपडी पडून होते. तेव्हा वरच्या मजल्यावर हंगेरीहून एक पियानो सुरात लावणारा माणूस आणि त्याची लहान मुलगी राहायला आली. मुलीची आई नव्हती. मुलगी कोणाशी बोलत नव्हती. भर थंडीत दोघं बाटलीतलं गार पाणी पितात, हे काकूंना जिन्यात दिसलं.

"पोट आहे की माठ?" असं पुटपुटत त्यांनी मला उचललं आणि वर नेलं.

मित्रांनो, मला फार उत्सुकता होती. ही माणसं चहात दूध घालतील की मीठ? लायोशने कारखान्यात शिकलेल्या मोडक्यातोडक्या भाषेत काकूंना बसवलं आणि माझ्यातून चहा ओतला. काकूंनी पेल्याशेजारी दोन बोटं टकटकवली. त्याला वाटलं, त्या घाई करताहेत. त्याने आणखी ओतला. त्यांनी पुन्हा रीतसर टकटक केली. त्याने आणखी ओतला. पेला भरला, बशी भरली, टेबलावरून ओघळ काकूंच्या मांडीवर गेला.

"लाय मास्तर, मला चहा पाजताय की आंघोळ घालताय?"

ती मुलगी हसली. आमच्या ग्वांगझू शहरात आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

"बोटं टेकली म्हणजे आभार मानले," काकू रुमाल शोधत म्हणाल्या. "तोंडात घास असताना माणूस बोलणार कसा?"

त्या दिवसापासून मी इथेच राहिले आणि या घरात आभार तोंडाने मानायचे बंद झाले.

एक प्रश्न मात्र राहिला. दरवर्षी कारखान्याचा करार नवा करायची वेळ आली की लायोश विचारी, "इल्का, परत जायचं का आपण?" पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, "आणताना कुठे विचारलं होतंस?" पुढे ती इथल्या मुलांसारखी बोलू लागली, इथेच शिकली, नोकरीला लागली. त्या प्रश्नावर मात्र ती फक्त पेला पुढे करी आणि दोन बोटं टेकवी.

"ही टकटक चहासाठी की माझ्यासाठी?" एकदा लायोशने काकूंना विचारलं.

"तिलाच विचारा की."

"दरवर्षी विचारतो."

"तारेतला केसाएवढा फरक कळतो तुम्हाला, आणि घरातलं कळत नाही होय?"

तो हसला, पण पेला बराच वेळ हातात धरून बसला. खरं सांगते, मलाही कळलं नव्हतं.

लायोश गेल्यावर मला कोणी हात लावला नाही. शेवटची पानं माझ्या पोटात तशीच राहिली, त्यांना बुरशी आली. इल्काच्या आत्याचा फोन आला: "आता परत ये. तिथे तुझं कोण आहे?" इल्काने फोन टेबलावर उपडा ठेवला.

आज फोंग काकू कठड्याला धरत जिना चढून आल्या. त्यांनी माझं झाकण उचलून वास घेतला. "माती वास धरते, पोरी. असं ठेवू नये." मग त्यांनी कढत पाण्याने मला पुन्हा पुन्हा विसळलं.

मित्रांनो, मातीच्या किटलीला साबण लावू नका, पानं आत विसरू नका, ओली असताना झाकू नका. एवढं केलंत तर ती तुमच्यापेक्षा जास्त जगेल. माणसांचं तसं नसतं. त्यांना सांगायचं ते चहा गरम आहे तोवर सांगा.

इल्काने तीन पेले भरले. तिसरा लायोशच्या खुर्चीसमोर ठेवला. काकू खिडकीबाहेर बघू लागल्या.

"बाबा," ती म्हणाली, "तू मला इथे आणलंस, ते बरं केलंस. मला कधीच परत जायचं नव्हतं."