शेजारच्या टेबलावरचं वादळ

जावा-जावा आणि उभा दावा ही म्हण ज्याने केली, त्याने या दोघींना हवामान कचेरीत एका खोलीत बसलेलं पाहिलं असावं. समुद्रातलं मोठं वादळ थोरलीकडे, त्याच्या पश्चिमेचं छोटं धाकटीकडे. मानपान वादळातसुद्धा सुटत नाही म्हणतात ते असं.

कचेरीचा नियम मात्र शहाणा होता. आपल्या वादळाचं केंद्र आपण मोजायचं नाही, शेजारच्या टेबलाने मोजायचं, कारण स्वतःच्या अंदाजावर माणसाची माया जडते. म्हणून धाकटीच्या वादळाचे आकडे थोरलीकडून यायचे आणि थोरलीच्या वादळाचे धाकटीकडून.

सकाळपासून ते आकडे वाकडेच येत होते. छोटं वादळ उत्तरेला जाणार, असं धाकटीने छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या भरवशावर तिचा नवरा आणि दीर, म्हणजे थोरलीचा नवरा, आपली मालाची बोट आसऱ्यासाठी दक्षिणेला नेत होते. पण थोरलीचा प्रत्येक आकडा वादळाला दक्षिणेकडे वळवी. इथे नक्की पाणी मुरतंय, असं धाकटीच्या मनाने घेतलं. मला बढती मिळणार ही कुणकुण लागल्यापासून हिच्या पोटात दुखतंय, आता साहेबांपुढे माझं हसं करायला निघालीय.

तिने खोडरबर घेतला आणि नकाशाच्या कागदावरचं टिंब मुकाट्याने वर सरकवलं. रेघ सरळ झाली. जिवाला बरं वाटलं.

"नीट मांडलास ना आकडा?" थोरलीने विचारलं.

"न मांडायला काय झालं?"

धाकटीने कागद झाकून ठेवला. थोरलीनेही आपला झाकला, हे तिने तिरक्या नजरेने टिपलंच.

दुपारी वायरलेसवर नवऱ्याचा आवाज आला. "अगं, वारा वाढत चाललाय. वादळ वर जातंय म्हणाली होतीस ना तू?"

धाकटीने झाकलेल्या कागदाकडे पाहिलं. थोरली खोटं बोलेल एक वेळ, समुद्र कशाला बोलेल? तिने कागद उचलला आणि थोरलीपुढे टाकला.

"ताई, तुम्ही दिलेली टिंबं मी सरकवलीत. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम..."

थोरली ओरडली नाही. तिने आपला कागद पुढे केला. त्यावरही खोडल्याचे डाग होते.

"मलाही तेच वाटलं गं."

खरे आकडे पुन्हा मांडून दोघींनी ते पातळ कागद काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवले आणि खालचा दिवा लावला. दोन्ही वादळं एकमेकांभोवती फिरत होती. मोठं जरासंच हललं होतं, पण छोट्याला स्वतःभोवती ओढत खाली आणत होतं, थेट बोटीच्या वाटेवर. एकेकटी पाहिली तर दोन्ही वेडी वाटत होती.

"बोट पश्चिमेला वळवा, आत्ताच्या आत्ता," धाकटी वायरलेसवर म्हणाली.

"आता पश्चिमेला? हा आकडा तरी कुणाचा?"

"ताईंचा. मी हात लावलेला नाही."

मग नवरा म्हणाला, "ताईंचा ना? मग वळवतो."

त्या भीतीतही हे धाकटीला लागलंच.

संध्याकाळी बोट पश्चिमेच्या बंदराला लागल्याचं कळलं, तेव्हा ती हमसून हमसून रडली. थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग डोळे पुसून धाकटीने मोठ्या वादळाचं नवं केंद्र मोजलं आणि आकडा सांगितला.

"नक्की?" थोरलीने विचारलं.

"नक्की."

थोरलीने टिंब दिलं. खोडरबर मात्र हाताशीच ठेवला.