काढून टाकलेली बेल

दुपारच्या शांततेत दाराची कडी दोनदा वाजली. आभानं आधी भिंगातून पाहिलं, मग दार उघडलं.

दारात हौसा होती. गव्हाणची मासेवाली, खांदा कॉलनीतल्या निम्म्या बिल्डिंगा तिच्याकडूनच मासे घेत. आज डोक्यावर पाटी नव्हती, काखेत फाइल होती.

"बेल का गो वाजत नाय तुजी?"

"बिघडलीय."

खरं तर बेलची वायर अलीकडेच आभानंच नवऱ्याला, सत्यजीतला, सांगून काढायला लावली होती. चार वर्षांची वेणू आईकडे बघत राहिली.

हौसाच्या भाच्याला, प्रणितला, पोलिसांनी एकदा नुसत्या संशयावरून उचलून झोडपलं होतं. तेव्हापासून ती आणि सात-आठ बाया एक झाल्या. कोणाला नेलं की चौकीबाहेर ठाण मांडायचं, वकील गाठायचा, मार खाऊन आलेल्याच्या घरी दोन वेळचं कालवण पोचवायचं. आता कॉलनीतल्या नायजेरियन बायकाही त्यांच्यात येऊन बसत. काळ्या कातडीला तर संशयाचंही निमित्त लागत नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, समोरच्या फ्लॅटमधल्या इमेकाला दोन पोलिसांनी जिन्यातच मारलं. मनगट मोडलं. वर गुन्हाही त्याच्यावरच.

"पोलीस बोलतात, त्यानं आमच्यावर हात उचलला," हौसा म्हणाली. "त्याची बायको चिओमा दारोदार फिरली. मजल्यावरचे समदे बोलतात, आमी घरान नवतो. सगला मजला एकदम जत्रेला गेलता वाटतं."

तिनं साक्ष लिहायला कोरा कागद पुढे केला. आभाची नजर ओट्यावरच्या निळ्या झाकणाच्या डब्यावर गेली. मारहाणीच्या दिवशीच सकाळी चिओमानं वेणूसाठी त्यातून तळलेले गोड गोळे पाठवले होते.

"तिचाच ना?" हौसानं विचारलं.

"रिकामा कसा परत देऊ? काहीतरी घालून द्यायचा, म्हणून त्या दिवसापासून राहिला."

"तीन आठवडे? बाय, तुज्या घरान साखरपन नाय? ऱ्हाऊ दे, हा कागदच घाल."

सत्यजीत म्हणाला होता, पोर लहान आहे, नसत्या भानगडीत पडू नकोस. ती पडली नव्हती. पण तीन आठवडे चिओमाचं दार उघडलं की ही आपलं लोटून घेत होती. आज तिनं पेन उचललं. लिहिलं, मी दाराच्या भिंगातून पाहिलं. इमेकानं कोणाला मारलं नाही. खाली सही, पत्ता, फोन नंबर.

हौसानं कागद दोनदा वाचला. "मंग हात वर कशाला गेलता त्याचा? कोर्टात पयला हाच सवाल येल."

"घाबरला असेल," आभा पुटपुटली, आणि मान वर करू शकली नाही.

वेणू तिच्या मांडीवर येऊन बसली. इतका वेळ ती गप्प होती. त्या दुपारी आईनं तोंडावर हात दाबून तिला ठेवलं होतं, तशीच.

"आई," तिनं कागदावर बोट ठेवलं, "समोरचे काका आपली बेल वाजवत होते ना, खूप वेळा? ते कुठे लिहिलंस?"